अक्कांची शंभरांची ओळ

अक्कांकडं भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा बोलणी व्हायच्या आधीच त्यांनी मला चपला काढून दाराच्या चौकटीला टेकून उभं राहायला सांगितलं. मग अंबाडा सोडायला लावला. टाचा मागं, नजर समोर. स्टुलावर चढून त्यांनी माझ्या डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या ठेवला, चौकटीवर पेन्सिलीनं बारीक रेघ ओढली आणि खाली उतरून म्हणाल्या, "मधलीच्या जरा पुढं."

"कुठल्या मधलीच्या?"

"तुज्या वयाच्या शंभर बाया बुटकीपासून उंच बाईपर्यंत एका ओळीत उभ्या केल्या, तर तू मधलीच्या जरा पुढं येतीस. चांगली जागा हाय. दोन्हीकडलं दिसतंय." आणि त्याच सुरात, "पाणी दिवसाआड येतंय. गच्चीवर पापड वाळवायची जागा माजी."

सीमेलगतच्या संतपूरच्या हायस्कुलात त्यांनी निवृत्त होईपर्यंत गणित शिकवलं. मी गावातल्या मराठी शाळेत गेस्ट टीचर म्हणून नुकतीच रुजू झाले होते. अक्का इतक्या बुटक्या, की त्यांच्या तासाला फळ्याचा खालचा अर्धा भाग भरायचा आणि वरचा कोराच राहायचा. त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात, आम्हाला बरीच वर्षं वाटायचं गणित खालच्या अर्ध्यातच असतं. त्या मोजायच्या कन्नडात, रागवायच्या मराठीत आणि स्वतःचा हिशेब चुकला की दखनीत हसायच्या.

त्यांच्या घरात कुठलीही वस्तू एकटी नसायची, ओळीत असायची. वाळलेल्या मिरच्या ताटात लांबीप्रमाणं, उलथणी-पळ्या खिळ्यांना उंचीप्रमाणं. भाकरी लहानमोठ्या झाल्या की चढत्या क्रमानं लावून त्यातली मधली मला वाढायच्या. लग्नाच्या पंगतीत बसल्या की आधी दोन्हीकडं मान वळवून बघायच्या आणि माझ्या कानाशी लागायच्या, "ह्या ओळीत मी खालून दुसरी. पहिली ती नवरीची करवली, आन् ती पहिलीत हाय."

सरासरीवर मात्र त्यांचा राग. "सरासरी नावाचं माणूस मला अजून बसमधी भेटलं न्हाई," म्हणायच्या.

कुणी म्हणालं माझा मुलगा हुशार आहे, कुणी म्हणालं यंदा तूर बरी झाली, तर अक्कांचा प्रश्न एकच असायचा: "कुठल्या ओळीत?" या प्रश्नानं त्यांनी माणसं जोडली कमी आणि तोडली जास्त. तरुणपणी त्यांना बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईनं उंबऱ्यातूनच म्हटलं, लई बुटकी हाय. "मी इचारलं, कुठल्या ओळीत? चहा न पिताच गेले की गं," असं सांगून अक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. त्यानंतर कुणी आलं नाही, आणि आलं नाही याचं त्यांना काही वाटलं असेल तर ते त्यांनी मला दाखवलं नाही.

पलंगाखाली वजनकाटा होता. गल्लीतल्या बाया लेकरं तोलायला घेऊन यायच्या. लेकरू काट्यावर चढायच्या आधी वरवंटा चढायचा. त्याचं वजन अक्कांना पाठ होतं. "वरवंटा उपास करत न्हाई आन् हुग्गीबी खात न्हाई. त्यो आज जड भरला म्हंजे काटा खोटं बोलायलाय." हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर. हिच्यामुळं काटे आणि माणसं दोन्ही बिघडतात, असं अक्कांचं मत होतं.

आता माझं. मी पत्रकांवर वाढले. वडील चळवळीतले; त्यांच्या पिशवीत डबा नसला तरी पत्रकांचा गठ्ठा असायचा आणि अक्षरओळख मला त्यांवरूनच झाली. त्यामुळं उद्गारचिन्ह मला फार लवकर आलं आणि स्वल्पविराम उशिरा. अन्याय दिसला की माझा हात कागदाकडं जातो. अजूनही जातो, आणि जावा असंच मला वाटतं.

तर शाळेत आरोग्य तपासणी झाली. पोरांची उंची-वजनं झाली आणि प्रत्येकाच्या हाती एक चिठ्ठी आली. दुसरीतल्या गौरीच्या चिठ्ठीवर होतं: उंची तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली, वजनही तसंच, पुढं डॉक्टरांना दाखवावं. गौरी म्हणजे वर्गातलं पाखरू. खो-खोत तिला कुणी शिवू शकायचं नाही. तिचे वडील शिवराज, बी-बियाणं आणि खताचं दुकान चालवायचे. दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी ते फाटकात हजर.

"टीचर, शंभरात तीनबी न्हाईत? पस्तिसाला पास असतंय! माज्या पोरीला शून्याच्या बाजूला नेऊन ठेवलं की."

मी त्यांना म्हटलं, हे मार्क नसावेत. पण मग काय असावं, हे मलाही सांगता आलं नाही. पर्सेंटाइल हा शब्द आम्हा सगळ्यांना परीक्षांच्या निकालांतूनच माहीत होता.

घरात त्याहून मोठा निकाल लागला होता. गौरीची आजी म्हणाली, "दारात दोन म्हशी हायत, आन् पोरीला तीन मार्क? हिच्या आईच्या हातात काय न्हाई." गौरीची आई महानंदा सासूसमोर डोक्यावरचा पदर सावरत उभी राहायची, बोलायची नाही. आजीनं ठरवलं, पोरीला कलबुर्गीला तिच्या आत्याकडं ठेवायचं. तिथंच शाळा, तिथंच खाणं. आत्याची लेकरं भोपळ्यासारखी टुमटुमीत होती. महानंदा दुपारी शाळेच्या भिंतीशी येऊन मला एवढंच म्हणाली, "टीचर, माजी एकच हाय."

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले. मथळा होता 'शंभरात तीन!' आमच्या सीमेवरच्या पोरांच्या ताटातलं कोण खातं, हा त्यातला सवाल होता. दोन्ही राज्यांनी हात झटकलेल्या तालुक्यांबद्दल जळजळीत दोन परिच्छेद होते. अक्का मिरच्या लावत होत्या. मी वाचून दाखवलं.

"आवाज चांगला हाय," अक्का म्हणाल्या. "आता सांग. कुठली शंभर?"

"म्हणजे?"

"शंभरात तीन म्हणायलीस. ती शंभर जणं कोण? कुठं उभी हायत?"

अक्कांनी ताटातल्या मिरच्या माझ्यापुढं सरकवल्या.

"ही परीक्षा न्हाई गं, ओळ हाय. एका वयाच्या शंभर पोरी. बुटकी पुढं, उंच मागं, प्रार्थनेला उभ्या करतात तशा. मी जन्मभर त्या ओळीत पहिली. पहिला नंबर! हुशारीचा न्हाई, बुटकेपणाचा." त्यांनी टोकाची एक आखूड मिरची उचलली. "ही तिसरी. आता शंभर जणींत कुणीतरी तिसरी असणारच की. का तिसरी जागा रिकामी ठेवायची? तिला नापास कामून करायलीस?"

"मग चिंता कशाची करायची?"

"जागा सोडण्याची. पोर दर साली आपली जागा धरून वाढायलं तर वाढू दे. कुणाची पाचवी असती, कुणाची नव्वदावी. पर तिसाव्या जागंवरची पोर तीनवर घसरली तर मग पळायचं डॉक्टरकडं. वजनाचंबी तसंच. खाली घसरलं तरी इचार, एकदम वर उडालं तरी इचार."

"पण ही शंभर कुठली?" आता मीच विचारलं.

अक्कांना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी मिरच्या सोडून माझ्याकडं बघितलं. "पोट भरलेली, निगा राखलेली लेकरं मोजून ती रेघ काढलेली असती. म्हणून आपल्या लेकरांना तिच्याशेजारी उभं करायचं. आन् दुसरं, ती सगळी एका वयाची असत्यात. एका वयाची. हे ध्यानात ठेव." मग जरा थांबून, "तुज्या वर्गातल्या पोरांचे वाढदिवस सांग बरं."

मी आठवून सांगायला लागले. एक जून. एक जून. एक जून. नऊ मार्च. एक जून.

अक्का हसत सुटल्या. "क्या की बाबा! ह्या गावच्या सुईणीला जूनमधी जेवायला सवड मिळत नसंल."

त्यामागचं कारण आमच्या भागातल्या कुणालाही सांगावं लागत नाही, म्हणूनच मला त्याचं तोवर कधी नवल वाटलं नव्हतं. आमच्याकडं सोयरिकी सीमेपलीकडच्या असतात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे उदगीर-देवणीच्या बाजूला, दुसऱ्या राज्यात. जन्माची नोंद तिकडं राहते, लेकरू इकडं येतं. तो दाखला आणायला जायचं राहून जातं. शाळेत नाव घालताना बाप सांगेल ते वय आणि शाळेला सोयीची म्हणून एक जून.

रविवारी शिवराजच अक्कांकडं आले. लहानपणी अक्कांच्या हातची छडी खाल्लेली होती, त्यांना न सांगता पोरीला गावाबाहेर धाडायची त्यांची छाती झाली नसावी. सोबत आजी, आजीच्या हातात हुग्गीचा डबा, मागं महानंदा आणि तिच्या पदराला गौरी.

"अक्का, पोरीला कलबुर्गीला पाठवायलोय. तुमच्या कानावर घालावं म्हणलं."

"घाल की. आधी वरवंटा आण."

वरवंटा तोलला, मग गौरी तोलली. उंचीसाठी अक्कांनी तिच्या डोक्यावरच्या घट्ट वेण्या आणि फिती सोडायला घेतल्या. आजी कळवळली, "आत्ताच घातल्यात, परत कोण घालणार?"

"मी घालते. केसांची उंची मोजायची न्हाई."

गुण्या ठेवला, रेघ ओढली. अक्कांनी रेघेकडं बघितलं, मग पोरीकडं, मग परत रेघेकडं. त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. कुतूहल वाटलं की त्यांना तशी आठी पडायची. इतरांना ती रागाची वाटायची.

"वय?"

"सात पूर्ण," शिवराज म्हणाले. "एक जून."

"गौरी, तोंड उघड." गौरीनं आ केला. अक्कांनी तिला उजेडाकडं वळवलं, पुढचे दात बोटानं एकेक हलवून बघितले. "सात पूर्ण, आन् दुधाचा एकबी दात पडला न्हाई? हलतबी न्हाई? व्हतंय कधीमधी तसं, न्हाई म्हणत न्हाई मी. पर महानंदा, तू सांग. कधी बाळंत झालीस?"

महानंदानं सासूकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"त्यांच्याकडं काय बघायलीस? बाळंत तू झालीस ना?"

"मला कुणी इचारलंच न्हाई," महानंदा म्हणाली. आवाज इतका हळू की आजीनंही मान पुढं केली. "डॉक्टरनं ह्यांना इचारलं, शाळेनं ह्यांना इचारलं. येळवशीच्या आदल्या राती झाली. त्या येळवशीला गिराण होतं. माजी आई म्हणली, बरं झालं, गिराणाच्या आत सुटलीस. मग ती पालथी पडायला शिकली आन् लॉकडाऊन लागलं."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्याकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात जाऊन जेवतं. आणि येळवशीला ग्रहण लागलेलं अख्ख्या गावाला लक्षात होतं, कारण त्या वर्षी शेतातली जेवणं खोळंबली होती. अक्का बोटांवर कन्नडात मोजत गेल्या आणि थांबल्या.

"ऐदूवरे. साडेपाच!"

शिवराज पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. "सोबतीसाठी केलं, अक्का. थोरल्या भावाची सुमा शाळेत जायलती. रस्त्यावरनं ट्रक किती पळतेत. दोघी हाताला हात धरून जातील म्हणून सुमाचीच तारीख हिला लावली."

अक्का त्यांच्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातून एक गुंडाळी काढली, पलंगावर पसरली. कागदावर भाताच्या लोंब्यांसारख्या वाकत वर गेलेल्या रेघा होत्या, खाली वयं. त्यांनी सातच्या वर बोट नेलं. "सात वर्षाच्या पोरींत ही तिसरीच्याबी पुढं. आता इकडं बघ, साडेपाच." बोट डावीकडं सरकलं, तिथं पेन्सिलीचा ठिपका पडला. "तीस आन् पस्तीसच्या मधी. वजनबी तिथंच जवळ. पोर बुटकी झाली न्हाई बाबा, तू तिला म्हातारी केलास."

गौरी खुदकन हसली. महानंदानं तोंडाला पदर लावला. तो रडण्यासाठी की हसण्यासाठी, मला कळलं नाही.

पण आजी हटली नाही. "तीस तर तीस. तरी पस्तीस न्हाईच की. कलबुर्गीला गेली तर पन्नास व्हईल."

"एका ठिपक्यावरनं जागा कळती," अक्का म्हणाल्या. "पोर चालायलीय का थांबलीय, ते दुसरा ठिपका पडल्यावर कळतंय. येळवशीपर्यंत थांब. डॉक्टरला खरं वय सांगा, त्यांचं काय चुकलं न्हाई, त्यांना खोटं वय दिलं गेलं. येळवशीला परत मोजू. रेघ सोडून खाली आली असंल तर आधी डॉक्टर, मग मीच बसमधी बसवून देते कलबुर्गीला. रेघेवर असंल तर कुणी कलबुर्गीचं नाव काढायचं न्हाई."

आजीनं डबा पुढं केला. "तोवर हुग्गी तरी खाऊ घालू का न्हाई?"

"वाटीभर. हुग्गीनं काटा वाढतोय, पोर लांब व्हत न्हाई."

डॉक्टरांनी खरं वय ऐकल्यावर नवी चिठ्ठी केली आणि तेही म्हणाले, सहा महिन्यांनी आणा. ते सहा महिने महानंदाला जड गेले. आजी रोज सकाळी दोरा घेऊन पोरीला मोजायची आणि दोरा तेवढाच निघाला की सुनेकडं बघायची. शिवराज मधेच येऊन म्हणाले, अक्का, एकदा बघा की. अक्का म्हणाल्या, "तुज्या दुकानातलं सोयाबीन पेरल्यावर रोज उकरून बघतोस का?" महानंदा मात्र दुपारी यायची, गुंडाळी उघडायला लावायची आणि रेघांकडं बघत बसायची. एक दिवस तिनं विचारलं, "अक्का, हिचा बाप बुटका, मी बुटकी. मग हिची जागा तिसावी म्हंजे आमच्या मानानं बरीच की?" अक्कांनी तिच्या पाठीवर थाप मारली, पार चहा सांडेपर्यंत.

मी पत्रक फाडलं नव्हतं. त्याच दिवसांत अक्का आणि मी माझ्या वर्गातल्या एकेका आईकडं गेलो. तारीख कुणालाच सांगता आली नाही, जन्म सगळ्यांना सांगता आला. तुरीची रास चालली होती. बोअरला पाणी लागलं तो दिवस. नणंदेच्या हळदीच्या राती. कुणाला शाळेसाठी मोठं केलेलं, कुणाला पुढं नोकरीला वर्षं उरावीत म्हणून लहान केलेलं. लहान केलेली पोरं कागदावर ऐसपैस मध्यावर उभी होती, खऱ्या वयाला पार पुढं, बुटक्यांच्या टोकाला सरकली. सगळ्यांचे ठिपके अक्कांनी एका कागदावर टाकले. मागची जागा मोकळी होती. मध्ये तुरळक. पुढच्या टोकाला खेटाखेट.

"एक पोर पुढं उभं असलं तर त्याच्या आईबापांकडं बघायचं," त्या म्हणाल्या. "निम्मा वर्ग पुढं गर्दी करायलाय. एवढ्या जणांचे आईबाप एकाच गावात बुटके निघत न्हाईत. आता लिही, बाई. आता तुज्याकडं ओळ हाय."

मी लिहिलं. त्या पत्रकात फक्त एक उद्गारचिन्ह होतं आणि तेही अक्कांनी ठेवायला लावलं. ग्रामसभेत ते वाचलं गेलं तेव्हा कुणी मला आवाज वाढवायला सांगितलं नाही, कुणी खाली बसवलंही नाही. अंड्याचं, डाळीचं, आजारी पडून राहणाऱ्या लेकरांचं बोलणं अजून चालू आहे.

येळवशीला शिवराजांनी आम्हा दोघींना शेतात बोलावलं. हरभरा कमरेखाली हिरवागार, तुरीच्या शेंगा भरलेल्या. कडब्याची खोप, खोपीत पूजा, मडक्यात आंबील, पातेलंभर शेंगा-पालेभाज्यांची भज्जी. शिवराज शेतात चरगा, म्हणजे नैवेद्य, शिंपून आले. जेवणं झाली तरी कुणी मोजण्याचा विषय काढेना. अक्का पिशवीतून गुण्या काढून मांडीवर घेऊन बसल्या, तरी कुणी बघेना.

मग महानंदा उठली. गौरीचा हात धरून पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या सपाट भिंतीशी गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, सणाचा दिवस असून पोरीचे केस मोकळे होते. वेण्या तिनं घरी घातल्याच नव्हत्या. तिनं गौरीच्या टाचा भिंतीला लावल्या, हनुवटी सरळ केली आणि अक्कांकडं हात पुढं केला. अक्कांनी गुण्या दिला. टेपही दिला. कागद उघडून धरला, पण पेन्सिल स्वतःच्या हातात घेतली नाही.

आजी आंबिलीचा वाडगा तसाच धरून उभी होती. शिवराज खोपीतूनच ओरडले, "किती आले गं?"

महानंदानं भिंतीवर रेघ ओढली, दोनदा मोजलं. कागदावर सहाची रेघ शोधली, ठिपका टाकला. जुन्या ठिपक्यावरून निघालेली वाकडी रेघ तिनं बोटानं हळूहळू वर चढवत आणली. बोट ठिपक्यावर येऊन थांबलं.

"आपल्या जागंवर हाय," ती म्हणाली. सासूसमोर तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "कलबुर्गीला कळवून टाका. गौरी येत न्हाई."

गौरी केस उडवत हरभऱ्यात पळाली. आजीनं वाडगा खाली ठेवला, सुनेच्या हातातल्या कागदाकडं बघितलं, भिंतीवरच्या रेघेकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पायातल्या चपला काढल्या आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"अक्का," ती म्हणाली, "माज्या वयाच्या शंभर म्हाताऱ्यांत माजी जागा कुठली?"

अक्कांच्या कपाळावर ती आठी पडली.

"अंबाडा सोड आधी," त्या म्हणाल्या.